सावकाश होऊ द्या

"फडशा! आम्ही सगळे त्याला फडशाच म्हणायचो, वहिनी," असं तो म्हणाला तेव्हा तिचे दोन्ही हात त्याच्या कानांमागे होते. नव्या फ्रेमची डावी काडी किंचित वर राहत होती आणि ती कुठे वाकवायची याचा अंदाज ती बोटांनी घेत होती. "डबा उघडला की पाडला फडशा. आमचं झाकण निघेपर्यंत याचं हात धुऊन झालेलं असायचं." तो हसला, हसताना त्याचे कान हलले आणि फ्रेम नाकावरून घसरली. तिने ती सावरली. "कोण?" तिने विचारलं. "कोण म्हणजे? अहो, तुमचे मिस्टर!" फ्रेम काढून घेऊन ती मागच्या टेबलाकडे गेली, काडी गरम हवेच्या यंत्रासमोर धरली आणि प्लॅस्टिक मऊ होईपर्यंत नुसती बघत उभी राहिली. एवढं साधं काम ती इतकी वर्षं करत आली होती की बोटांनाच ते कळायचं, पण आज काडी जरा जास्त तापली आणि वाकवताना तिच्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. तिने काडी पाण्यात बुडवली आणि तिथूनच, पाठ न वळवता म्हणाली, "तुमचा काहीतरी घोळ होतोय. हे फार सावकाश जेवायचे. दुसऱ्या कोणाचं तरी तुम्ही यांच्यावर घालताय." मागे खुर्ची करकरली. "सावकाश?" म्हातारा म्हणाला. "फडशा?"

हा तिच्या नवऱ्याचा जुना जोडीदार. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत माणसं जोडीनेच कामाला जायची, एक वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत आणि दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघांचं बोलणं चालायचं ते मधल्या त्या उभ्या अंधाऱ्या पोकळीतून, ओरडून. नवरा वर, हा खाली. गुडघे गेल्यावर हा नोकरी सोडून मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेला, आणि नवरा गेल्याचं त्याला कळलं तेच मुळी वर्ष उलटून गेल्यावर. या आठवड्यात इकडे आला होता तो भेटायला म्हणून. आल्यावर दाराशीच उभा राहिला, काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हणाला, "चष्माही करायचाच होता." तिलाही ते बरं वाटलं होतं. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं असलं की दुःखाबद्दल फार बोलावं लागत नाही.

हळू जेवतो म्हणून तर तिने त्याला पसंत केलं होतं. हे ती कधी कोणाला सांगत नसे, कारण लग्नाचं असलं कारण कोणी ऐकलं तर हसेल, पण खरं तेच होतं. ती कामाला होती ते चष्म्याचं दुकान त्या वेळी याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टचे दोर बदलायचे म्हणून ती आठवडाभर बंद होती. गिऱ्हाईकं जिने चढून धापा टाकत यायची, धाप ओसरेपर्यंत त्यांना तक्त्यावरची मोठी अक्षरंही धड दिसायची नाहीत, आणि मालक लिफ्टवाल्यांच्या नावाने खडे फोडायचा. त्यातला एक लिफ्टवाला दुपारी हात धुवायला आत आला आणि म्हणाला, "इथे बसून डबा खाल्ला तर चालेल का?" मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र होतं, ओल्या काचेच्या भुकटीचा वास होता, आणि ती होती. सगळ्यांचं आटोपल्यावर ती एकटी जेवायला बसायची. डब्यात बहुतेक दुधात भिजवलेला पाव, कुस्करलेला बटाटा, कधी मऊ भात. एक घास घ्यायचा, चावून चावून त्याचं पाणी करायचं, गिळायचा, मग पाठ ताठ करून खांदे वर उचलायचे, वरून पाण्याचा घोट घ्यायचा आणि थांबायचं. छातीच्या मध्ये तो घास रांगेत उभा राहिल्यासारखा उभा राहायचा. कधी मग आतलं कुठलंसं दार त्याच्या मर्जीने उघडायचं आणि तो एकदम खाली पडायचा, इतका की तिला तो पडल्याचं ऐकू आल्यासारखं वाटे. कधी उघडायचंच नाही, मग मोरीकडे धाव. बघणारे विचारायचे, काय झालं? ठसका लागला? आवडलं नाही का? त्याने विचारलं नाही. तोही घास घेऊन खिडकीबाहेर बघत चावत बसला होता. शेवटी तीच ओशाळून म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका हं, मला वेळ लागतो." "मलाही लागतो," तो म्हणाला. "मी असाच जेवतो, लहानपणापासून. घरचे वैतागलेत मला." परक्या मुलखात अचानक आपली बोली बोलणारा कोणी भेटावा तसं तिला झालं होतं. खालून पोकळीतून कोणाची तरी हाक येत होती, "अरे, येतोस की नाही!" आणि तो डब्यावरून मान न उचलता ओरडला होता, "जेवतोय!"

माहेरच्या टेबलावर सगळे वाघ मागे लागल्यासारखे जेवायचे. वडिलांची पाळीची नोकरी, भावांची शाळा, आईला भांडी उरकायची घाई. बोलणं जेवणाआधी नाहीतर नंतर. तिला सगळे गोगलगाय म्हणत. वाईट हेतूने नव्हे, लाडानेच, पण लाडाचं नावसुद्धा रोज तीनदा ऐकलं की ते अंगाला चिकटतं. सगळे उठून गेले की आई ओलं फडकं घेऊन टेबल पुसायला लागायची आणि पुसत पुसत तिच्या ताटापर्यंत यायची. मग फडकं ताटाला वळसा घालून पलीकडे जायचं. त्या ओल्या, चकचकीत टेबलाच्या मधोमध कोरड्या राहिलेल्या गोल जागेत ती बसलेली असायची. आजही आई म्हटलं की तिला चेहऱ्याआधी ते फडकं आठवतं, आणि राग येत नाही. कारण आईने तिला कधी "ऊठ आता" म्हटलं नव्हतं. ती फक्त ताटाभोवतीचं पुसायची.

दुखण्याला नाव मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. घास अडकणं एक वेळ चालवून घेता येई. कळ यायची ती वेगळी. ती जेवतानाच यायची असंही नाही. बसच्या रांगेत, कपडे वाळत घालताना, कोणाच्या तरी बोलण्यावर मान डोलावताना. छातीच्या हाडामागे कोणीतरी मूठ आवळावी, आवळलेली मूठ पिळावी, आणि तो पीळ मानेतून जबड्यात, जबड्यातून कानात, मागे दोन खवाट्यांच्या मध्ये जावा. पहिल्यांदा आली तेव्हा मुलगी तान्ही होती आणि नवऱ्याने तिला उचलून रिक्षात घातलं होतं. हृदयाची ईसीजीची पट्टी काढली, ती नॉर्मल निघाली. पुन्हा काढली, पुन्हा नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी, एक म्हणाले मनावर घेऊ नका, आणि एकाने नवऱ्याला बाहेर नेऊन विचारलं, घरात काही कुरबुर? तो आत येऊन तिला म्हणाला होता, "आपल्यात कुरबुर नाही म्हणून डॉक्टर नाराज आहेत. करू या का थोडी?" शेवटी एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी तिला पांढरं, खडूच्या चवीचं द्रव प्यायला लावून पडद्यापुढे उभं केलं. वर फुगलेली नळी, खाली निमुळती होत गेलेली टोकदार चोच. "बघा, पक्ष्याची चोच," त्या म्हणाल्या. अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडायला विसरलंय, आणि वरची नळी घास पुढे ढकलायचं सोडून मध्येच आकडी आल्यासारखी आवळते. अकॅलेशिया. नवऱ्याने तो शब्द जिन्यावरून उतरताना दहादा म्हणून बघितला. "नाव तर एखाद्या राजकन्येसारखं आहे," तो म्हणाला. त्या दिवशी तिला किती हलकं वाटलं होतं! आजार निघाला म्हणून इतकं आनंदी झालेलं माणूस त्या दवाखान्याने आधी पाहिलं नसेल. मग आत फुगा घालून ते तोंड रुंद केलं, त्यावर काही वर्षं बरी निघाली, मग चोच पुन्हा आवळत गेली.

त्या बऱ्या आणि वाईट सगळ्या वर्षांतली संध्याकाळची जेवणं तिला एकच लांबलचक जेवण असल्यासारखी आठवतात. खिडकीत अजून उजेड, मुलगी कुठेतरी हुंदडायला पळालेली, आणि ताटांपाशी दोघंच. तो बोलायचा. एक घास तोंडात घोळवत, मध्येच थांबून, हातातला चमचा हवेत धरून तो लिफ्टमध्ये अडकलेल्यांच्या गोष्टी सांगायचा. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले दोन शेजारी एकत्र अडकले आणि बाहेर निघाले तेव्हा एकाच्या गळ्यात दुसऱ्याचा मफलर होता. एक बाई आत विणत बसली आणि दार उघडल्यावर म्हणाली, "एवढी ओळ संपू द्या." एका गवयाला अंधाराची भीती वाटत होती, तो गायला लागला, आणि सगळ्या मजल्यांवरची माणसं जिन्यात येऊन ऐकत उभी राहिली, तेव्हा तो, तिचा नवरा, लिफ्ट सुरू झालेली असूनही गाणं संपेपर्यंत बटण दाबेना. ती ऐकायची, हसायची, आणि हसता हसता घास उतरायचा, कारण त्याच्यावरचं लक्ष उडालेलं असायचं. कोणाकडे जेवायला गेलं आणि यजमान म्हणाले, "सावकाश होऊ द्या," की तो तिच्या कानाशी लागून पुटपुटायचा, "घ्या, मिळाली परवानगी." मग सगळे उठले तरी ते दोघं बसलेले. कोणी तिच्याकडे बघायचं नाही, कारण बघायला दोघं होते. दोघं हळू जेवतात म्हणजे ती घराची रीत झाली. एकटीच हळू जेवते म्हणजे काहीतरी भानगड असते.

आणि कळ आली की तो पाणी गरम करायचा. कोमटापेक्षा जरा जास्तच, ओठाला लागेल इतकं. गार पाण्याने मूठ आणखी आवळते हे त्यांना चाचपडत, चुकत कळलं होतं. घोटाघोटाने ते पाणी आत सोडायचं, मध्ये जिभेखालची गोळी, आणि घरातल्या घरात फेऱ्या. तो तिच्याबरोबर फेऱ्या मारायचा नाही. दाराशी उभा राहून तो ज्या आवाजात अडकलेल्या माणसांशी बोलत असे त्याच आवाजात बोलायचा. "मी बाहेरच आहे. हवा आहे आत. दार ओढायचं नाही. ते आपणहून उघडतं." सुरुवातीला तिला याचा राग यायचा, आणि कधी कधी त्याच्या हळू जेवण्याचाही. एकदा तर ती त्याच्यावर भर ताटावरून खवळली होती, "तू माझी नक्कल करतोस का रे? इतकं काय चघळत बसायचं असतं?" तो चपापला होता. "दाढ दुखते," म्हणाला होता. त्याची एकही दाढ किडलेली नव्हती. हे तिला माहीत होतं, पण ते ध्यानात आलं ते आत्ता, गार झालेली काडी फडक्याने पुसताना.

ती फ्रेम घेऊन परत आली. म्हातारा अपराध्यासारखा बसला होता. "तुमचं बरोबर असेल, वहिनी," तो म्हणाला. "घरी माणूस वेगळा असतो." तिने फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली. आता ती नीट बसली. "आम्ही काम करत होतो ना या जुन्या बिल्डिंगमध्ये," तो आरशात स्वतःकडे बघत म्हणाला, "तेव्हाचं मला कोडं आहे. पाच मिनिटांत जेवणारा माणूस, इथे डबा घेऊन वर गेला की बेपत्ता. मी खालून ओरडून ओरडून दमायचो. हा आपला जेवतोय, जेवतोय. मला वाटलं, काहीतरी भानगड आहे." मग तो थांबला आणि त्याच्या चेहऱ्यावर सावकाश उजेड पडत गेला. "होतीच की!" ती हसली. हसू तिला आवरलंच नाही. पण हसू ओसरल्यावर जे उरलं ते गोड नव्हतं. "आणि गप्पा?" तिने विचारलं. "गप्पा तरी मारायचे का?" "छे हो. त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे पाना घ्यायला लागायचा." "ते दोन शेजारी... एका लिफ्टमध्ये अडकलेले? मफलर?" म्हाताऱ्याने आठवून बघितलं. मनापासून बघितलं. "नाही बुवा आठवत. लोक अडकायचे, ओरडायचे, शिव्या द्यायचे, बाहेर काढलं की निघून जायचे. आभारसुद्धा मानायचे नाहीत." "तो गवई?" "गवई कुठला?" म्हातारा म्हणाला.

तो गेल्यावर दुपार नेहमीसारखीच होती. एका शाळकरी मुलीला पहिला चष्मा लागला, एका गृहस्थाच्या नाकाला वळ पडत होते, मालकाचा मुलगा बाहेर फोनवर कोणाशी तरी वाद घालत होता. ती काम करत होती आणि आत एक माणूस दोन होत होता. इतकी वर्षं जो समोर बसून जेवला तो कोण होता? भूक लागलेली असताना एक घास तोंडात फिरवत बसणारा, बोलायचं नसताना बोलणारा. दिवसभर गप्प राहून संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसून आज काय सांगायचं हे जुळवत येणारा. तिने त्याला त्या बसमध्ये बघायचा प्रयत्न केला. काळे पडलेले हात मांडीवर, नजर बाहेर, ओठ किंचित हलतायत. दोन शेजारी घेऊ. मफलर घालू. ती हे डोळ्यांपुढे आणत होती आणि तिला एकदम त्याची दया आली, मग स्वतःची, मग राग आला की आपल्याला न विचारता कोणीतरी आपल्यासाठी एवढं केलं आणि आता ते फेडून घ्यायलाही समोर नाही. तो थकला असेल. त्याला कंटाळा आला असेल. घरी दारात पाऊल टाकताना, आता पुन्हा बोलायचं, असं त्याच्या मनात आलं असेल का? आणि ती मात्र समजत होती की आपल्याला आपल्यासारखाच कोणी मिळालाय.

कळ त्या वेळी आली. आधी जबड्यात एक बारीक ओढ, मग मूठ. हातातला चष्मा तिने जपून मखमलीच्या तबकात ठेवला, इतकं भान होतं, आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दुकानात डोळे तपासण्याच्या कामावर नव्याने लागलेल्या बाई मागोमाग आल्या. वयाने मुलीएवढ्या. "अहो, तुम्ही पांढऱ्या पडलात! छातीत दुखतंय? मी गाडी बोलावते, आपण हॉस्पिटलमध्ये..." तिने हात वर करून त्यांना थांबवलं. बोलता येत नव्हतं. पीळ मागे पाठीत उतरला होता. एरवी ती अशा वेळी नुसती उभी राहायची, दात आवळून, ओसरेपर्यंत. गेलं वर्षभर तिने हेच केलं होतं. गोळी असली तर गोळी, नाहीतर नुसतं सोसायचं. पाणी मात्र ती गरम करत नसे.

कारण तो गेला त्या सकाळी तिने पाणीच गरम केलं होतं. सुट्टीचा दिवस होता. तो खुर्चीत बसला होता, छातीवर हात ठेवून, आणि थोडासा हसत म्हणाला, "तुझं दुखणं मला चिकटलं बहुतेक." तिला ती जागा पाठ होती, हात कुठे जातो, मान कशी वळते. ती म्हणाली, "बस तसाच. पाणी ठेवते." भांडं गॅसवर ठेवून ती त्याच्याकडे बघत उभी होती. घाबरलेली नव्हती, उलट आज आपली पाळी, असं काहीतरी तिच्या मनात आलं होतं, जवळजवळ आनंदासारखं. पाण्याला तळाशी बुडबुडे धरले आणि त्याची मान कलली. डॉक्टर म्हणाले होते, काहीही केलं असतं तरी एवढ्या वेळात काही झालं नसतं. तिला ते पटलं होतं. तरी त्यानंतर पाण्याच्या तळाशी धरलेले ते बारीक बुडबुडे तिला बघवत नसत. चहासुद्धा ती भांड्याकडे पाठ करून करायची. आणि या वर्षात तिचं जेवण कमी कमी होत पातळ सूपवर आलं होतं. ब्लाऊज सैल झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, आता फुग्याने भागायचं नाही, दुर्बिणीतून आतला स्नायू कापू या. मुलगी रोज फोनवर तारीख घे म्हणायची आणि ती रोज बघू म्हणायची. कोणासाठी जेवायचं, हा प्रश्न तिने शब्दांत कधी मांडला नव्हता. तिने फक्त पानं वाढणं सोडलं होतं.

"गरम पाणी," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. "प्यायचं. जरा जास्त गरम." त्या बाईंनी धावत जाऊन चहाच्या यंत्रातून पेला भरून आणला. वाफेकडे तिने बघितलं नाही, डोळे मिटून घोट घेतला. ओठ भाजला. दुसरा घोट. तिसरा. मूठ लगेच सुटली नाही, पण तिची पकड कुठेतरी चुकली, बोटं एकेक करून ढिली झाली तशी. ती स्टुलावर बसली. समोरच्या बाई अजून तिच्याकडे बघत होत्या, हातात फोन. "अहो, हे हृदय नाहीये," ती म्हणाली. "मला एक आजार आहे. जुना आहे. घास उतरत नाही, आणि मधूनच अशी कळ येते. घाबरायचं नाही. मला गरम पाणी द्यायचं आणि बोलत बसायचं, कशाबद्दलही." इतकी वर्षं त्या दुकानात काढून हे ती तिथे पहिल्यांदाच बोलत होती. बाई मग आपल्या नणंदेच्या मांजराबद्दल बोलू लागल्या.

संध्याकाळी तिने आपणहून मुलीला फोन लावला. मुलगी जेवायला बसली होती. "एक विचारू का गं? तुझे बाबा भराभर जेवायचे का?" पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज. "तुला कोणी सांगितलं?" "म्हणजे तुला माहीत होतं!" "अगं, आमची शर्यत असायची," मुलगी म्हणाली. "आधी उठेल तो हरला. आईला सांगायचं नाही, ती चिडेल. मी रोज हरायचे. मला खेळायला जायचं असायचं ना." ती हसत होती, पण तिचा आवाज ओला होता. "आता मात्र मीच जिंकते. इथे ऑफिसात सगळे हात धुऊन कामाला लागतात तरी मी आपली बसलेली. घरी हे म्हणतात, तू जेवतेस की ध्यान लावतेस? मला कितीतरी दिवस वाटायचं, आपल्या घराण्यातच असं असतं." तिने पदराने डोळे टिपले. मग जे दुपारपासून मनात होतं ते विचारलं. "त्याला कंटाळा येत असेल का गं?" मुलीने चटकन नाही म्हटलं असतं तर तिला ते खरं वाटलं नसतं. पण मुलगी थांबली. "मी विचारलं होतं एकदा, कॉलेजात असताना. म्हणाले, आधी आधी फार यायचा. भुकेने जीव जायचा आणि तोंडात एकच घास घेऊन बसायचं, शिक्षाच ती. मग म्हणाले, पुढे उलटंच झालं. कामावर घाईघाईत जे खातो ते जेवण वाटेना. घरी येऊन बसलं की जेवलो असं वाटायचं." "आणि गोष्टी?" "त्या तर थापाच होत्या, आई! तुला कळत नव्हतं?"

यायचा. आधी आधी फार यायचा. फोन ठेवल्यावर ती ते शब्द मनात घोळवत बसली आणि आश्चर्य म्हणजे त्यांनीच तिला बरं वाटलं. संत असता तर तिला त्याच्यासमोर जन्मभर ओशाळून राहावं लागलं असतं. भुकेने कावलेला, ताटातल्या भाताकडे चोरून बघणारा, दाढ दुखते म्हणून ठोकून देणारा माणूस तिला ओळखीचा वाटला. असल्या माणसाशी भांडता येतं. त्याची आठवण काढून जेवताही येतं. तिने भात मऊ शिजवला, अर्धी वाटी, आणि टेबलाशी बसून खाल्ला. त्यातला थोडा उतरला, थोडा परत आला. दुसऱ्या दिवशी दुकानातून तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून तारीख घेतली.

शस्त्रक्रियेला जाताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा स्पष्ट सांगितलं की दार उघडं राहील, घास उतरेल, पण कळा पूर्ण जातील असं वचन मी देत नाही. ती म्हणाली, "चालेल. कळांची मला सवय आहे. मला नुसतं जेवायचंय." पुढचे दिवस मुलीच्या घरी पातळ सूप, मग दाट सूप, मग कुस्करलेलं. एकदा कपडे घडी करता करता कळ आलीच. मूठ तीच, पीळ तोच, फक्त थोडा कमी वेळ. तिने स्वयंपाकघरात जाऊन भांड्यात पाणी ठेवलं आणि तळाशी बुडबुडे धरेपर्यंत समोर उभी राहिली. बघवत होतं असं नाही. बघितलं.

मग एका दुपारी ती पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवायला बसली. भात, उकडलेल्या भाज्या, अंडं. जावई नेहमीप्रमाणे उरकून उठले, त्यांना कुठेतरी जायचं होतं. मुलगी ऑफिसातल्या कोणाच्या तरी बदलीची हकीकत सांगत होती, चमचा हवेत धरून, आणि तिचं अर्धं ताट तसंच होतं. बोलण्याच्या नादात किती वेळ गेला कोण जाणे, पण तिने खाली बघितलं तर तिचं स्वतःचं ताट रिकामं होतं. पूर्ण. घास कुठे थांबलाच नव्हता, तिला एकदाही पाठ ताठ करावी लागली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिचं कोणाच्या तरी आधी संपलं होतं. हात टेबलाच्या कडेवर गेला, उठायला. ताट धुऊन टाकावं, गॅस पुसावा, शरीर आपोआप निघालं होतं. तिने मुलीकडे बघितलं. मुलगी दुसऱ्या घासाचा विचारही न करता त्या बदलीच्या गोष्टीत बुडाली होती.

ती पुन्हा नीट टेकून बसली. भांड्यातला चमचाभर भात तिने आपल्या ताटात वाढून घेतला, त्यातली चार शितं तोंडात टाकली आणि सावकाश चावायला लागली. "बरं, मग?" ती म्हणाली. "मग पुढे काय झालं?"